सिरिंजचं तोंड वर

तिला सगळे मिलीमावशी म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट कोण वाचतो? मिली हे काही लाडाचं नाव नव्हे, मिलीलिटरमधलं मिली. एकोणीस वर्षं ती रुग्णालयाच्या दूधखोलीत दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी दूध मोजत होती, आणि मोजून मोजून तिची जीभही मापात बोलायला लागली होती. कुणी चहाचं विचारलं तर म्हणायची, "साठ मिली पुरे." जावई पहिल्यांदा घरी आला आणि त्याने पाणी मागितलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "किती मिली?" तो बिचारा समजला, सासूबाई परीक्षा घेताहेत. "तुम्ही द्याल तेवढं," म्हणाला आणि पाणी येईपर्यंत ताठ बसून राहिला.

दूधखोली एवढीशी होती. दोन फ्रिज, एक स्टीलचं टेबल, गरम पाण्याचं बेसिन, भिंतीवर घड्याळ. पलीकडे काचपेट्यांचा वॉर्ड, आणि मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी. त्या खिडकीतून भरलेल्या सिरिंजचा ट्रे पलीकडे जायचा आणि रिकाम्या सिरिंजचा ट्रे अलीकडे यायचा. मिलीमावशीचं सगळं जग त्या खिडकीएवढं होतं, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

काम समजायला सोपं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढता येत नाही. ओढायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, ही तीन कामं एकदम करणं तर फार लांबची गोष्ट. मग नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात. आई दूध काढून देते, मिलीमावशी ते मोजून सिरिंजमध्ये भरते, सिस्टर सिरिंज नळीला जोडते. सुरुवात एक मिलीपासून. एक मिली म्हणजे वीस थेंब, तेही दोन तासांनी एकदा. मोठी माणसं जेवताना याहून जास्त अंगावर सांडतात.

सोपं असलं तरी त्यात मेख आहे. आईचं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की थोड्या वेळात त्याचे दोन थर होतात. वर पिवळसर साय, खाली निळसर पाणी. पहिलटकरणी ते बघून घाबरतात, दूध नासलं म्हणतात. नासलेलं काही नसतं. बाटली दोन्ही तळव्यांत धरून हलकेच घोळवायची, साय पुन्हा मिसळते. गदागदा हलवायचं नाही. हे घोळवणं मिलीमावशीच्या हातात इतकं भिनलं होतं, की घरी टीव्ही बघताना हातात पाण्याची बाटली आली तरी ती घोळवत बसायची.

पहिल्या वर्षी ती अशी नव्हती, हे सांगून ठेवायला हवं. तेव्हा ती खिडकीतून डोकं घालून एकेका बाळाकडे बघायची. वाटाणा, उंदीरमामा, राणीसरकार अशी नावं तिनेच ठेवलेली. मग एका आठवड्यात तीन काचपेट्यांवरच्या पाट्या उतरल्या. बाळ जातं, पण त्याच्या आईचं दूध फ्रिजमध्ये राहतं. राणीसरकारची बाटली हातात घेऊन ती रडायला लागली, हात हलला आणि दुसऱ्याच बाळाच्या सिरिंजमध्ये दहाच्या जागी बारा मिली गेले. तेव्हाच्या वयस्कर सिस्टरने ते वेळेत पकडलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हात चालू ठेव, मन बंद ठेव. इथे माप चुकलं तर रडून भरून येत नाही."

सल्ला वाईट नव्हता. वाईट हे, की मिलीमावशीने तो शंभर टक्के पाळला. नावं गेली, नंबर आले. मग खिडकीतून बघणं गेलं. एकोणीस वर्षांत पुन्हा एकदाही माप चुकलं नाही. नवरा गेला, तेव्हा ती पाचव्या दिवशी कामावर हजर होती आणि त्या दिवशीचा तक्ताही बिनचूक होता. लोक म्हणाले, दगड आहे बाई. तिने विचार करून पाहिलं आणि तिलाही ते पटलं. मन बंद कसं करायचं ते तिला शिकवलं होतं. उघडायचं कसं, ते सांगायच्या आत त्या सिस्टर निवृत्त झाल्या होत्या.

तिला एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. जावई बोटीवर स्वयंपाकी, सहा सहा महिने पाण्यावर. लेकीचे दिवस आईकडेच चालले होते आणि सगळं ठीक होतं. मग एकोणतिसाव्या आठवड्यात, दुकानात उभी असतानाच तिला कळा सुरू झाल्या. नात जन्मली एक हजार ऐंशी ग्रॅमची. मिलीमावशी तेव्हा कामावरच होती. पाऊण तासाने खिडकीतून चिठ्ठी आली: पाच नंबर, एक मिली, दर दोन तासांनी. तिने चिठ्ठी तक्त्याला लावली आणि पाच नंबरची ओळ आखली.

"मावशी, अहो, जाऊन बघून तरी या," मोठ्या सिस्टर खिडकीतून म्हणाल्या. वॉर्डाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांचा आवाज खणखणीत आणि पोटात माया होती.

"बघते."

ती गेली तिसऱ्या दिवशी. काचेपलीकडे नळ्या लावलेलं, टोपी घातलेलं काहीतरी होतं. टोपी मोठी होती. मिलीमावशी उभी राहिली आणि वाट पाहू लागली. पाय बधिर झाला की आपण तो हलवून बघतो, आत्ता मुंग्या येतील म्हणून थांबतो, तसं तिने स्वतःला आत कुठेतरी हलवून पाहिलं. काही आलं नाही.

"कशी आहे?" बाहेर आल्यावर लेकीने विचारलं.

"लहान आहे," ती म्हणाली.

लेकीचं दूध पहिल्या दिवशी सव्वा मिली निघालं, घट्ट पिवळा चीक. चौथ्या दिवशी पंधरा, आठव्या दिवशी चाळीस. कोपऱ्यातल्या खोलीत पडदा ओढून ती दिवसातून आठ वेळा दूध काढायची आणि बाटली घेऊन खिडकीशी यायची.

"आई, आज चाळीस!"

"अडतीस. फेस मोजायचा नसतो."

"दोन मिली फेसाचे दे ना गं मला," लेक म्हणायची आणि हसायची. कुशीतलं लेकरू काचेत ठेवून हसायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. दूध काढणं हे एकच काम असं होतं, जे तिच्याशिवाय जगात कुणाला करता येत नव्हतं. तिला ते कळलं होतं, आणि ते ती जिवाच्या कराराने करत होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचं दूध नातीच्या गरजेच्या दुप्पट झालं.

त्याच सुमाराला वॉर्डात नवे स्टँड आले. पाच नंबरला दूध एकदम दिलं की उलटी व्हायची, म्हणून ते छोट्या पंपाने तासाभरात थोडं थोडं सोडत. दोन नंबरचंही तसंच. जुन्या स्टँडवर सिरिंज तिरकी असायची, तोंड वर करून. त्या निवृत्त झालेल्या सिस्टरने पट्ट्या बांधून ती तशी बसवली होती. का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. नवे स्टँड देखणे होते, जागा कमी खायचे, आणि त्यांत सिरिंज तोंड खाली करून बसायची. सगळ्यांना आवडले.

आणि पाच नंबरचं वजन अडलं.

या वयात बाळाने रोज पंधरा-वीस ग्रॅम तरी चढायला हवं. पोटात असतं तर तेवढं वाढलंच असतं, आणि डोकं वाढायचे, मेंदू भरायचे दिवस हेच. पाच नंबर चढली चार, मग सहा, मग शून्य, मग पाच. दूध वाढवून पाहिलं. दुधात मिसळायची पौष्टिक पुडी घालून पाहिली. रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. पंधरा दिवसांत ती कशीबशी पासष्ट ग्रॅम वाढली. रोज सकाळी दहाला वजनाचा आकडा खिडकीतून यायचा, मिलीमावशी तो तक्त्यात लिहायची, आणि लेक पलीकडून तिच्या पेनकडे बघत उभी असायची.

वजन अडल्याच्या सोळाव्या दिवशी डॉक्टरबाई खिडकीशी आल्या. त्या मनाने चांगल्या होत्या, पण चौदा बाळांना त्या एकट्या होत्या आणि वाक्यं अर्धी सोडून पुढे जायची त्यांना सवय लागली होती. "हे बघा, तुम्ही खूप केलंत," त्या लेकीला म्हणाल्या. "पण दूध पातळ दिसतंय तुमचं. काहींचं असतं. स्निग्धांश कमी. तपासायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण तक्ता सांगतोच आहे. आपण अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पावडर सुरू करू, त्यावर ती..." आणि त्या तीन नंबरकडे गेल्या.

लेकीने खिडकीतून आईकडे पाहिलं. एकोणीस वर्षं दूध बघणारी बाई समोर उभी होती, डॉक्टरांहून जास्त दूध तिने पाहिलेलं. मिलीमावशी बाटली घोळवत होती. तिने लेकीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. दहाची वेळ झाली होती. तिने सिरिंज भरायला घेतली.

"फ्रिजमधल्या माझ्या बाटल्यांचं काय करायचं?" थोड्या वेळाने लेकीने विचारलं.

"तू सांगशील ते."

"ओतून टाक."

अकरा बाटल्या होत्या. मिलीमावशीने एकेक झाकण उघडलं आणि बेसिनमध्ये ओतल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी सायीचा जाड थर होता, तो आधी घरंगळायचा आणि मग निळसर पाणी यायचं. तिने बाटल्या गरम पाण्याने धुतल्या आणि पालथ्या घातल्या. डोळे उघडे होते. दिसत सगळं होतं.

आता आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं म्हणजे सगळं तिच्यातच आहे. वॉर्डातून परत आलेल्या रिकाम्या सिरिंज धुऊन, मोजून कचऱ्याच्या पेटीत टाकायचं कामही मिलीमावशीचं. नवे स्टँड आल्यापासून पाच नंबर आणि दोन नंबरच्या सिरिंजना आतून एक पिवळसर कडं असायचं. तिची बोटं त्यावरून सटकायची. पंधरा दिवस, तिच्या पाळीत दिवसाला सात-आठ सिरिंज. तिच्या लक्षात एवढंच आलं, की हल्ली साबण जास्त लागतो. म्हणून तिने भांडारात लिहून साबण जास्त मागवला.

पावडर सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सिरिंज धूत होती. पाच नंबरची हातात आली, बोटं नेहमीसारखी घट्ट झाली, आणि सटकलीच नाहीत. काच पुसल्यासारखी स्वच्छ सिरिंज. पावडर एकजीव कालवलेली असते, तिच्यावर साय धरत नाही. तिने ती बाजूला ठेवली. मग दोन नंबरची उचलली. दोन नंबर अजून आईच्या दुधावर होता. बोटं सटकली.

तिने ती सिरिंज उजेडात धरली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती रिकाम्या सिरिंजकडे बघत होती. दूध ढकलणाऱ्या दट्ट्याच्या टोकाशी लोण्याचं कडं होतं. तिने बोट घातलं आणि चोळून पाहिलं. मग हात पुसले आणि, कुणाला न विचारता, वॉर्डात गेली. स्टँडवर दोन नंबरची पुढची सिरिंज लागली होती, तोंड खाली. तासभर उभी राहिली की साय वर चढते, दट्ट्यापाशी, आणि खालच्या तोंडातून आधी निळं पाणी जातं. साय शेवटी येते आणि निम्मी तिथेच चिकटून राहते. बाळाच्या पोटात जायचं ते वजन कचऱ्याच्या पेटीत जात होतं, आणि ते रोज साबण लावून धूत होती ती हीच बाई. काखेत कळसा म्हणतात, तो हा.

तिने मोठ्या सिस्टरना बोलावलं आणि दाखवलं. सिस्टर आधी स्टँडकडे बघत राहिल्या, मग कपाळावर हात मारला. दुपारपर्यंत सगळे स्टँड उलटे बसवले. मिलीमावशीने जाड पेनने कागदावर लिहिलं आणि भिंतीला चिकटवलं: सिरिंजचं तोंड वर. डॉक्टरबाईंनी वाचलं, पाच नंबरचा तक्ता चाळला, आणि म्हणाल्या, "पाच नंबरचं आत्ता बदलू नका. कालपासून चढायला लागली आहे. आईला दूध सुरू ठेवायला सांगा, आठवड्याने बघू."

"लेकीला तुम्ही सांगणार ना?" सिस्टरनी विचारलं. "की मी सांगू?"

"मी सांगते. घरी जाऊन."

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. लेक झोपली होती. महिनाभरात पहिल्यांदा ती दिवसा झोपली होती, उशीत तोंड खुपसून. दूध काढायचा पंप धुऊन, पुसून, खोक्यात भरून कपाटावर ठेवला होता. दूध आटावं म्हणून छातीवर ओला पंचा घट्ट बांधला होता. मिलीमावशी दारात उभी राहिली. उठवायचं आणि काय सांगायचं? तुझं दूध चांगलं होतं, मी ते ओतलं? झोपू दे, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या पाच नंबर एकतीस ग्रॅम चढली आणि लेक ते ऐकून हसली. हसताना तिला अडवायचं कसं? परवा पंचा सुटला. आठवड्याने दूध आटलं.

सिस्टरनी विचारलं, "सांगितलंत?"

"हो," मिलीमावशी म्हणाली, "पण दूध आटलं." माप न चुकणाऱ्या बाईचं हे एक चुकलेलं माप, आणि ते तिने जाणूनबुजून चुकवलं.

नात त्यानंतर सतरा दिवसांनी घरी आली, आणि मग वाढली. अशा बाळांना दोन वयं असतात, एक जन्मापासूनचं आणि एक दुरुस्त केलेलं. लवकर आलेले आठवडे वजा करायचे आणि मग ठरवायचं, मूल वेळेवर आहे की मागे. वय चोरणारे जगात पुष्कळ, पण रीतसर वजा करून देणारं ठिकाण हे एकच. तरीही नात मागेच होती. बसली उशिरा, चालली सतराव्या महिन्यात, शब्द अजून मोजून सहा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "अहो, अशी पुष्कळ मुलं आपल्या वेळेने येतात, कुणा एकाचा दोष नसतो." लेक मान डोलवायची आणि घरी येऊन म्हणायची, "माझं दूध पातळ होतं ना. डोकं भरायच्या दिवसांत तिला निव्वळ पाणी मिळालं."

दर वेळी म्हणायची. रागाने नाही, रडून नाही, आजचा वार सांगावा तशी. मिलीमावशी ऐकायची आणि भांडी विसळायची. नातीला ती भरवायची, अंघोळ घालायची, औषध द्यायची, सगळं वेळेवर. पण मांडीवर घेऊन नुसती बसली असं कधी झालं नाही. जावई सुट्टीवर आला की म्हणायचा, "आई, घ्या ना तिला जरा." ती म्हणायची, "हात ओले आहेत." ओलेच असायचे.

नात सव्वादोन वर्षांची, म्हणजे दुरुस्त दोन वर्षांची झाली, तेव्हा मोठी तपासणी आली. ठोकळे रचायला देतात, बाहुलीचं नाक दाखवायला सांगतात. मिलीमावशीने त्या दिवशी रजा घेतली. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, नात जमिनीवर लेकीच्या चपलेशी खेळत होती. पलीकडे एक पोरगेलीशी आई होती. तिचं बाळ अजून काचेत होतं, तीन आठवडे झाले होते. तिच्या पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती. दूधखोलीची खिडकी उघडायला अजून अवकाश होता, म्हणून ती इथे येऊन बसली होती.

"तुमची पण लवकर झाली होती?" तिने नातीकडे बघत विचारलं. "किती छान दिसते. माझ्याचं वजन काही धड चढत नाही हो."

"दूध तपासून घ्या," लेक म्हणाली. तिच्या मनात मदतच होती. "माझं पातळ होतं. मला मेलीला कळलंच नाही. मी आपली बाटल्यांवर बाटल्या भरत बसले, आणि ही तिकडे उपाशी. तुम्ही वेळेत बंद करा, माझ्यासारखं नको व्हायला."

त्या मुलीचा चेहरा उतरला. तिने पिशवीतली बाटली आणखी आत ढकलली, चोरीची असल्यासारखी.

मिलीमावशीने ते पाहिलं. एक खोटं तिने दोन वर्षं स्वतःजवळ सांभाळलं होतं, आणि आता ते तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या घरात शिरत होतं.

"तिचं दूध पातळ नव्हतं," ती म्हणाली.

लेक वळली. "आई, जाऊ दे ना."

"पातळ नव्हतं. सिरिंज उलटी लावली होती. नवे स्टँड आले होते, तोंड खाली होतं, साय वरच राहायची. परत आलेल्या सिरिंजना ती चिकटलेली असायची. पंधरा दिवस मी हाताने धुतली. मला कळलं नाही. साबण जास्त लागतो म्हणून मी साबण मागवला." एवढं लांब ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती, म्हणून मध्ये श्वास घ्यावा लागला. "तुझं दूध चांगलं होतं."

नातीने चप्पल बाकाखाली सरकवली आणि ती शोधायला लागली.

"तुला कधी कळलं?"

"पावडर सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरी आले तेव्हा तू झोपली होतीस."

"दुसऱ्या दिवशी," लेक म्हणाली. "म्हणजे दूध होतं तेव्हा."

"होतं."

लेकीने वाकून नातीला उचललं आणि कडेवर घेतलं. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "डॉक्टर म्हणाल्या ना, आई, त्यावर माझा विश्वास नव्हता. मी तुझ्याकडे बघितलं. तू काही म्हणाली असतीस तर मी त्यांच्याशी भांडले असते. तू घड्याळ बघितलंस. मग मला वाटलं, खरंच असणार. आईला दिसतंय, म्हणून ती बोलत नाहीये."

आतून नातीचा नंबर पुकारला. लेक तिला घेऊन गेली आणि दार लागलं.

मिलीमावशी तिथेच बसून राहिली. आतून लाकडी ठोकळे पडल्याचा आवाज येत होता. एकदा, मग पुन्हा. तिने हात मांडीवर ठेवले. ते कोरडे होते.

"मावशी," ती पोरगेली आई जवळ सरकली. खिडकीतून रोज बाटली घेणारा हा चेहरा तिने आत्ता ओळखला होता. पिशवीतून बाटली काढून तिने पुढे केली. "हे बघता का? वर असं पिवळं पिवळं आलंय. बिघडलंय का?"

मिलीमावशीने बाटली घेतली. तळवे आपोआप जुळले, पण तिने घोळवली नाही. ती खिडकीकडे वळली आणि उजेडात धरून बघत राहिली. गळ्याशी जाड, पिवळा, एकसारखा थर. खाली निळसर पाणी. कुणीतरी पडद्याआड बसून, घड्याळ लावून, जीव ओतून काढलेलं दूध. आणि तिला आठवलं, राणीसरकारच्या आईची बाटली अशीच होती.

"बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "साय आहे ती. चांगलं आहे तुझं दूध." आणि ती रडायला लागली. तिला आवाज आवरता येईना. बाटली मात्र तिने सरळ धरून ठेवली होती, एक थेंब हलू न देता. ती मुलगी घाबरून कधी तिच्याकडे, कधी बाटलीकडे बघत होती.

दार उघडलं होतं. लेक नातीला घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती किती वेळ तिथे होती ते कळायला मार्ग नव्हता. ती पुढे आली, आईसमोर थांबली आणि त्या बाटलीकडे बघू लागली.

"माझ्या बाटल्यांवर साय किती होती?" तिने विचारलं.

मिलीमावशीने बाटली त्या मुलीच्या हातात परत दिली. डोळे पुसले नाहीत. अकरा बाटल्या होत्या, दोन वर्षं झाली होती, तेव्हा ती काही बघत नव्हती. तरीही तिने उजव्या हाताची तर्जनी उभी धरली आणि अंगठ्याच्या नखाने दुसऱ्या पेराच्या मध्यावर खूण केली.

"एवढी," ती म्हणाली. "अकराच्या अकरा."

लेक त्या बोटाकडे बघत राहिली.